हौशी आकाशनिरीक्षणाची दुर्बीण

हौशी आकाशनिरीक्षणाची दुर्बीण म्हणजे छंद, शालेय शिक्षण किंवा निव्वळ जिज्ञासेपोटी रात्रीचे आकाश पाहण्यासाठी वापरले जाणारे, तुलनेने कमी खर्चाचे प्रकाशीय उपकरण होय. अशा उपकरणांचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिला, दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची द्विनेत्री, जिला व्यवहारात बायनॉक्युलर म्हणतात. आणि दुसरा, बैठकीवर किंवा तिपाईवर बसवून एका डोळ्याने पाहावयाची दुर्बीण. दोहोंची उपयुक्तता प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते : प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाचा अथवा आरशाचा व्यास, त्याचा दर्जा आणि उपकरणाची स्थिरता. प्रतिमा किती पट मोठी दिसते, म्हणजेच विशालन, ही बाब त्यानंतर येते. मात्र स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यांवर विशालनाचाच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. त्यामुळे पहिल्या खरेदीत चुकीची निवड होऊन आकाशनिरीक्षणाचा छंदच सुटण्याची शक्यता असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गॅलिलिओ गॅलिली यांनी जानेवारी १६१० मध्ये सुमारे २० पट विशालन असलेल्या, स्वतः बनविलेल्या दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे चंद्र पाहिले. तिच्यातून दिसणारे आकाशाचे क्षेत्र अत्यंत अरुंद होते आणि भिंगांमध्ये दोषही होते. आजची साधी १०×५० द्विनेत्री हेच चंद्र अधिक सहजपणे दाखविते. आयझॅक न्यूटन यांनी १६६८ मध्ये भिंगाऐवजी आरसा वापरणारी परावर्तक दुर्बीण तयार केली. इटलीचे इग्नात्सिओ पोर्रो यांनी १८५४ मध्ये प्रतिमा सुलट करणाऱ्या लोलकरचनेचे पेटंट घेतले. आजच्या बहुतेक स्वस्त द्विनेत्रींमध्ये हीच पोर्रो रचना असते.

मोठी दुर्बीण सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय मुख्यत्वे जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांना दिले जाते. सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात साधक म्हणून राहत असताना ते जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे तयार करीत. जाड पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी पेटीवर फिरणारी साधी बैठक वापरून त्यांनी दुर्बिणी बनविल्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना चंद्र व ग्रह दाखविले. या प्रकारच्या बैठकीला त्यांच्या नावावरून डॉब्सोनियन असे म्हटले जाते. २००९ या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षाच्या निमित्ताने ‘गॅलिलिओस्कोप’ हा ५० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीचा स्वस्त जोडसंच विद्यार्थ्यांसाठी तयार करण्यात आला. स्वस्त दुर्बीण निकृष्टच असली पाहिजे असे नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

मूलभूत संज्ञा

मुखव्यास : पदार्थ भिंगाचा किंवा मुख्य आरशाचा व्यास. गोळा होणारा प्रकाश हा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याच्या बाहुलीचा व्यास सुमारे ७ मिलिमीटर धरल्यास ५० मिलिमीटरचे भिंग डोळ्याच्या सुमारे ५० पट प्रकाश गोळा करते. वयोमानाने बाहुलीचे उघडणे कमी होत जाते.

नाभीय अंतर : पदार्थ भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जेथे तयार होते तेथपर्यंतचे अंतर. नाभीय अंतराला मुखव्यासाने भागले असता नाभीय गुणोत्तर मिळते.

विशालन : दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले असता मिळणारी संख्या. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास २८ पट, तर १० मिलिमीटरची लावल्यास ७० पट विशालन मिळते. म्हणजेच विशालन हा दुर्बिणीचा कायम गुण नसून ते नेत्रिका बदलून कमीअधिक करता येते.

विभेदन : जवळजवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखविण्याची क्षमता. ती मुखव्यासाबरोबर वाढते.

उपयुक्त विशालनाची वरची मर्यादा ढोबळमानाने मिलिमीटरमधील मुखव्यासाच्या दुप्पट धरतात. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक आणि धूसर होत जाते; नवा तपशील दिसत नाही. पुढील कोष्टकातील मूल्ये स्थूलमानाने दिली आहेत.

| मुखव्यास (मिलिमीटर) | डोळ्याच्या तुलनेत प्रकाश | विभेदन (विकला) | उपयुक्त विशालनाची मर्यादा |
|---|---|---|---|
| ५० | ५० पट | २.३ | १०० |
| ७० | १०० पट | १.७ | १४० |
| ११४ | २६५ पट | १.० | २३० |
| १३० | ३४५ पट | ०.९ | २६० |
| १५० | ४६० पट | ०.८ | ३०० |

प्रत्यक्षात वातावरणातील हवेच्या हालचालीमुळे बहुतेक रात्री २०० पटींच्या पुढील विशालन उपयोगी पडत नाही. नवशिक्या निरीक्षकाचे बहुतांश निरीक्षण ३० ते १०० पट विशालनात होते.

द्विनेत्री

प्रथम उपकरण म्हणून अनुभवी निरीक्षक बहुधा द्विनेत्रीची शिफारस करतात. तिचे दृश्यक्षेत्र विस्तृत असते, प्रतिमा सुलट दिसते, जुळवणीला वेळ लागत नाही आणि पक्षिनिरीक्षणासाठीही ती वापरता येते. आकाशातील वाटा ओळखीच्या नसलेल्या व्यक्तीला अरुंद क्षेत्राच्या दुर्बिणीतून एखादा तारकागुच्छ शोधणे अवघड जाते. द्विनेत्रीतून तो काही क्षणांत सापडतो.

आकड्यांचा अर्थ

द्विनेत्रीवर ७×५०, ८×४०, १०×५० असे आकडे असतात. पहिली संख्या विशालन आणि दुसरी प्रत्येक पदार्थ भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शविते. दुसऱ्या संख्येला पहिलीने भागल्यास नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ७×५० मध्ये तो सुमारे ७ मिलिमीटर, तर १०×५० मध्ये ५ मिलिमीटर असतो. हा झोत बाहुलीपेक्षा रुंद असल्यास जादा प्रकाश वाया जातो. शहराच्या उजळ आकाशात १०×५० मधून पार्श्वभूमी तुलनेने काळी दिसते, म्हणून ती अधिक सोयीची ठरते. हात थरथरत असल्यास किंवा वापरणारे मूल लहान असल्यास ७ किंवा ८ पट विशालनाची हलकी द्विनेत्री योग्य असते. १२ पटींच्या पुढील विशालनाची द्विनेत्री हातात धरून स्थिर ठेवता येत नाही. तिला तिपाई लागते.

खरेदीपूर्वीची तपासणी

- लोलकांसाठी बीएके-४ प्रकारची काच बीके-७ पेक्षा चांगली मानली जाते. द्विनेत्री हातभर अंतरावर धरून उजेडाकडे रोखली असता नेत्रिकेतील प्रकाशाचे वर्तुळ पूर्ण गोल दिसावे. कडा कापल्यासारखी चौकोनी दिसल्यास काही प्रकाश अडत आहे असे समजावे.
- भिंगांच्या सर्व पृष्ठभागांवर परावर्तनरोधी बहुस्तरीय लेप असल्यास प्रतिमा उजळ दिसते. माणकासारखा लालभडक लेप आकर्षक दिसला, तरी तो बराचसा प्रकाश परत फेकतो आणि रात्रीच्या वापरास अयोग्य ठरतो.
- दोन्ही नळ्यांचे अक्ष समांतर असावेत. दूरच्या मनोऱ्याकडे पाहताना दोन प्रतिमा दिसणे, किंवा काही मिनिटांत डोळ्यांवर ताण येणे, ही अक्ष बिघडल्याची लक्षणे होत. हा दोष घरी दुरुस्त करणे कठीण असते.
- चष्मा लावून पाहणाऱ्यांसाठी नेत्रिकेपासून डोळा किमान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण क्षेत्र दिसले पाहिजे. केवळ ऱ्हस्वदृष्टी किंवा दीर्घदृष्टी असल्यास चष्मा काढून, नाभीयन फिरवूनही स्पष्ट प्रतिमा मिळते.
- विशालन कमीजास्त करता येणाऱ्या ‘झूम’ द्विनेत्री आणि नाभीयनाची सोयच नसलेल्या द्विनेत्री आकाशनिरीक्षणासाठी टाळतात.
- पुढील बाजूस तिपाईचा स्क्रू बसविण्याची सोय असावी.

तिपाई नसल्यास भिंतीला टेकून, आरामखुर्चीच्या हातांवर कोपरे ठेवून किंवा गच्चीवर चटई टाकून उताणे पडून पाहिल्यास प्रतिमा पुष्कळ स्थिर होते.

दिसणाऱ्या वस्तू

१०×५० द्विनेत्रीतून चंद्रावरील मोठी विवरे, गुरूचे चार चंद्र आणि शुक्र पृथ्वीच्या जवळ असताना त्याची बारीक कोर दिसू शकते. कृत्तिका, रोहिणीभोवतालचा विखुरलेला गुच्छ, पुष्य नक्षत्रातील मधाच्या पोळ्यासारखा गुच्छ, ययाती तारकासमूहातील जुळे गुच्छ आणि वृश्चिकाच्या शेपटीजवळील दोन गुच्छ यांसाठी द्विनेत्री दुर्बिणीपेक्षाही सरस ठरते, कारण या वस्तू दुर्बिणीच्या अरुंद क्षेत्रात मावत नाहीत. मृग नक्षत्रातील तेजोमेघ शहरातूनही ओळखता येतो. सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे अंतरावरील देवयानी दीर्घिका गावाकडील आकाशात लांबट धूसर ठिपक्यासारखी दिसते. शनीची कडी मात्र १० पट विशालनात वेगळी दिसत नाहीत. त्यासाठी किमान २५ ते ३० पट विशालन लागते.

दुर्बिणीचे प्रकार

अपवर्तक दुर्बीण

यात पुढील बाजूस पदार्थ भिंग असते. देखभाल कमी लागते आणि प्रतिमा रेखीव असते. साध्या दोन भिंगांच्या रचनेत तेजस्वी वस्तूंभोवती जांभळट झालर दिसते. या दोषाला वर्णविपथन म्हणतात. नाभीय गुणोत्तर १० च्या आसपास असल्यास हा दोष सौम्य राहतो. त्यामुळे ७० मिलिमीटर व्यास आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेली दुर्बीण चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांसाठी चांगली प्राथमिक निवड ठरते.

परावर्तक दुर्बीण

यात मुख्य अंतर्गोल आरसा नळीच्या तळाशी असतो. ठरावीक खर्चात सर्वांत मोठा मुखव्यास याच प्रकारात मिळतो. आरशाचा पृष्ठभाग अन्वस्तीय असणे इष्ट असते. गोलीय आरशाने सर्व किरण एका बिंदूत येत नाहीत. ११४ मिलिमीटर व्यास आणि ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत गोलीय आरसाही चालू शकतो, कारण तेथे हा दोष नगण्य राहतो. परंतु ७६ मिलिमीटर व्यास आणि ३०० मिलिमीटर नाभीय अंतर अशा आखूड खेळणीवजा दुर्बिणींमध्ये तो ठळकपणे जाणवतो. काही ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणींवर १००० मिलिमीटर नाभीय अंतर लिहिलेले असते, पण नळीची लांबी त्याच्या निम्मीच असते. त्यांच्या नेत्रिकेच्या नळीत जास्तीचे भिंग बसविलेले असते. स्वस्त दुर्बिणींत ते बहुधा निकृष्ट असते आणि त्यामुळे आरशांची जुळणी करणेही कठीण होते. परावर्तक दुर्बिणीतील आरशांची जुळणी अधूनमधून तपासावी लागते. हे कौशल्य थोड्या सरावाने येते.

बैठक

नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ दुर्बिणीच्या भिंगात नसून बैठकीत असते. ७० पट विशालनात बैठकीचा प्रत्येक कंपही ७० पट मोठा दिसतो. नाभीयनाच्या चाकाला हात लावल्यावर प्रतिमा पाच-सहा सेकंद थरथरत राहिल्यास ग्रह पाहणे कष्टाचे होते. पातळ ॲल्युमिनिअमच्या पायांची उंच तिपाई हे कमी किमतीच्या संचाचे नेहमीचे दुबळे अंग होय.

उभ्या व आडव्या दिशेने फिरणारी उन्नतांश–दिगंश बैठक समजण्यास सोपी असते. डॉब्सोनियन बैठक याच प्रकारात मोडते. टेबलावर ठेवावयाच्या ११४ किंवा १३० मिलिमीटरच्या लहान डॉब्सोनियन दुर्बिणीत खर्चाचा मोठा वाटा आरशावर होत असल्यामुळे पैशाचा मोबदला चांगला मिळतो. मात्र तिच्यासाठी भक्कम स्टूल किंवा कठडा लागतो. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखला की ताऱ्याचा माग एकाच चाकाने काढता येतो. ती जड असते आणि तिची मांडणी शिकावी लागते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंश उंचीवर असतो. शहरात तो बहुधा इमारतींआड जातो. शिवाय इतक्या कमी अक्षांशावर काही बैठकींचे प्रतिभार तिपाईच्या पायाला अडतात.

फसवे दावे

‘५२५ पट’ हा स्वस्त दुर्बिणींवर आढळणारा आकडा कसा तयार होतो हे पाहणे उद्बोधक आहे. ६० मिलिमीटर व्यास आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ४ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास १७५ पट विशालन मिळते. त्यात प्रतिमा तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की आकडा ५२५ होतो. गणित बरोबर आहे, परंतु ६० मिलिमीटरच्या भिंगाची उपयुक्त मर्यादा सुमारे १२० पट आहे. ५२५ पट विशालनात गुरू केवळ मंद, थरथरता डाग दिसतो आणि तोही काही सेकंदांत क्षेत्राबाहेर जातो. ज्या दुर्बिणीच्या जाहिरातीत मुखव्यासाआधी विशालन सांगितले जाते, तिच्याविषयी साशंक राहणे श्रेयस्कर मानले जाते.

नेत्रिकेच्या नळीचा व्यास १.२५ इंच, म्हणजे ३१.७ मिलिमीटर, हे प्रचलित मान आहे. जुन्या किंवा अतिस्वस्त दुर्बिणींत तो २४.५ मिलिमीटर असतो आणि त्यासाठी पुढे चांगल्या नेत्रिका मिळणे कठीण जाते. खोक्यावरील दीर्घिका व तेजोमेघांची रंगीत छायाचित्रे मोठ्या वेधशाळांची किंवा अवकाश दुर्बिणींची असतात. त्या दुर्बिणीतून डोळ्याला तसे दृश्य कधीच दिसत नाही.

अपेक्षा आणि प्रत्यक्ष दर्शन

मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत, त्यामुळे लहान दुर्बिणीतून तेजोमेघ आणि दीर्घिका राखाडी दिसतात. ताऱ्यांचे रंग मात्र स्पष्ट जाणवतात. हंस तारकासमूहाच्या चोचीतील सोनेरी आणि निळसर जोडतारा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. विवाहविधीत वधूवरांना दाखविली जाणारी वसिष्ठ–अरुंधती ही जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण २५ ते ३० पट विशालनात स्वतः वसिष्ठही दोन ताऱ्यांचा असल्याचे उघड होते. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून गुरूचे दोन गडद पट्टे आणि शनीची कडी दिसतात. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. अशा घटनेच्या आसपास कडी बारीक रेषेसारखी दिसतात किंवा दिसेनाशी होतात. त्यानंतर काही वर्षे त्यांचा झुकाव वाढत जातो. त्या काळात कडी न दिसणे हा दुर्बिणीचा दोष नसतो.

डोळा अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. या काळात भ्रमणध्वनीचा पडदा पाहिल्यास हा सराव मोडतो, म्हणून नकाशा वाचण्यासाठी मंद लाल दिवा वापरतात. मंद वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहिल्यास ती अधिक स्पष्ट जाणवते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे निरीक्षण जवळजवळ बंद असते, तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत अनुकूल असतो. दक्षिणेकडील अक्षांशाचा लाभही मिळतो. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ युरोपच्या बहुतांश भागातून दिसत नाही. पुण्याहून तो दक्षिण क्षितिजावर सुमारे २४ अंश उंच येतो आणि एप्रिल–मे महिन्यांत द्विनेत्रीतून धूसर गोळ्यासारखा दिसतो.

शहरी प्रकाश हा सर्वांत मोठा अडथळा आहे. त्याचा चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांच्या निरीक्षणावर फारसा परिणाम होत नाही, परंतु दीर्घिका आणि तेजोमेघ त्यात बुडून जातात. अशा वस्तूंसाठी शहरात मोठी दुर्बीण वापरण्यापेक्षा अंधाऱ्या गावी लहान द्विनेत्री नेणे अधिक फलदायी ठरते. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) आणि मुंबईतील खगोल मंडळ यांसारख्या हौशी संस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतात. खरेदीपूर्वी अशा कार्यक्रमात वेगवेगळ्या दुर्बिणींतून पाहिल्यास कोणते उपकरण उचलणे, मांडणे आणि वापरणे आपल्याला जमेल याचा अंदाज येतो. पुण्याच्या आयुका या संस्थेने विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळाही घेतल्या आहेत.

सूर्यनिरीक्षणातील धोका

द्विनेत्रीतून किंवा दुर्बिणीतून क्षणभरही सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. ही इजा होताना वेदना जाणवत नाहीत. काही स्वस्त संचांसोबत नेत्रिकेला लावावयाची गडद काच मिळते. ती केंद्रित उष्णतेने अचानक तडकू शकते, म्हणून ती वापरू नये. नष्ट करणेच उत्तम. सुरक्षित गाळणी नेहमी दुर्बिणीच्या पुढील टोकाला, संपूर्ण मुखव्यास झाकेल अशी, घट्ट बसविलेली असावी लागते. शोधक दुर्बिणीवरही झाकण असावे. लहान मुलांच्या हाती दिवसा दुर्बीण देताना मोठ्यांनी सोबत राहणे आवश्यक आहे.

निगा

कोकणासारख्या दमट हवेत आणि पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते आणि ती लेप कायमचा खराब करते. उपकरण हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय होय. पुड्या ओलसर झाल्यावर बदलाव्या किंवा वाळवून घ्याव्या लागतात. दव पडलेली भिंगे न पुसता हवेवर सुकू द्यावीत आणि मगच झाकणे लावावीत. धूळ प्रथम फुंकणीने किंवा मऊ ब्रशने उडवावी; कोरडे पुसल्यास धुळीचे कण लेपावर ओरखडे पाडतात. परावर्तक दुर्बिणीच्या आरशाला बोट लावू नये. त्यावरील थोड्या धुळीने प्रतिमेत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

निवडीचा क्रम

मर्यादित खर्चात साधारणतः पुढील क्रम सुचविला जातो :

1. नक्षत्रे आणि तेजस्वी तारे नुसत्या डोळ्यांनी, ताराचित्राच्या साहाय्याने ओळखणे.
2. ७×५०, ८×४० किंवा १०×५० द्विनेत्री आणि शक्य असल्यास साधी तिपाई.
3. ग्रह व चंद्र यांची विशेष आवड असल्यास भक्कम बैठकीवरील ७० मिलिमीटरची लांब नाभीय अंतराची अपवर्तक दुर्बीण.
4. तारकागुच्छ आणि तेजोमेघ पाहण्यासाठी, किंवा शाळेत सामूहिक वापरासाठी, ११४ ते १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन दुर्बीण.

खर्च केवळ खेळणीवजा दुर्बिणीपुरताच झेपत असेल, तर त्याच रकमेत मिळणारी साधी पण निर्दोष द्विनेत्री अधिक काळ उपयोगी पडते. पुढे मोठी दुर्बीण घेतली, तरी द्विनेत्रीचा उपयोग संपत नाही. दुर्बीण कोठे रोखावयाची हे ठरविण्यासाठी अनुभवी निरीक्षकही आधी तीच डोळ्यांना लावतात.

हे सुद्धा पहा

- दुर्बीण
- गॅलिलिओ गॅलिली
- नक्षत्र
- प्रकाश प्रदूषण
- देवयानी दीर्घिका